नावं ठेवणारी

चहाचा कप तोंडाशी नेता नेता त्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि कप तिथंच थांबला. न्याहारीला उठताना तिथं 'उरलेला वेळ' या शब्दांपुढे एक दिवस होता. आता नऊ दिवस होते. मधल्या वेळात यंत्रानं काम केलं होतं आणि काम केल्यावर उरलेलं काम वाढलं होतं. कचेरीत असं होताना त्यानं जन्मभर पाहिलं होतं, पण तिथं माणसं होती, माणसांना मेव्हणे होते आणि मेव्हण्यांची लग्नं होती. यंत्राला मेव्हणा नसतो. त्यानं कप खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. नऊचे अकरा झाले होते. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि तिथं पायरी नसावी, तसं झालं. एवढ्याशा आकड्यानं असं व्हायला नको होतं, हेही त्याला त्याच वेळी कळलं, आणि त्यामुळे जास्तच झालं.

ते यंत्र म्हणजे बूट-चपलांच्या कपाटावर ठेवलेला एक काळा खोका होता. आत डिस्का, एकीवर एक, कप्प्यात ठेवलेल्या ताटांसारख्या. घरातले सगळे फोटो, कागदपत्रं, गाणी, लेकीच्या लहानपणचे व्हिडिओ, सगळं त्यात. जावयानं मागच्या सुट्टीत येऊन बसवून दिला होता. खोका दिवसभर हलक्या आवाजात कुरकुरायचा आणि घरातल्या प्रत्येकाचं सगळं त्याच्याकडे असायचं, म्हणून बायकोनं त्याचं नाव आत्याबाई ठेवलं. 'आज आत्याबाईंचं काहीतरी बिनसलंय,' असं ती भाजी निवडता निवडता म्हणायची, आणि ते खरं निघायचं. रात्री तिची झोप उडते म्हणून तो निजण्याआधी काम थांबवून ठेवायचा आणि सकाळी पुन्हा चालू करायचा. ती नावं ठेवण्यात पटाईत. शाळेत शिकवताना वर्गातल्या एकेका पोराला ती असं नाव द्यायची की पोराची आईसुद्धा घरी तेच वापरायला लागायची. जावयाचं नाव तिनं 'लवकरच' ठेवलेलं, कारण तो फोन ठेवताना दर वेळी लवकरच येतो म्हणायचा. वरच्या मजल्यावरचा पाठ न वाकवता चालणारा माणूस 'इस्त्री'. आणि नवरा जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याच्या नोकरीत असल्यामुळे तो 'शेरा'. म्हणजे इतरांशी बोलताना शेरा. तोंडावर, लग्नाच्या दिवसापासून, फक्त 'अहो'.

पॅरिटी हा शब्द त्यानं जावयाकडून ऐकला तेव्हा आधी त्याला तो एखाद्या पोटाच्या विकाराचं नाव वाटला होता. पण जावयानं समजावून सांगितलं आणि तो खूश झाला. सगळ्या डिस्कांवरचे आकडे आडवे घ्यायचे, बेरीज सम येते की विषम ते एका वेगळ्या डिस्कवर मांडून ठेवायचं. मग कुठलीही एक डिस्क मेली, तरी उरलेल्यांवरून आणि या बेरजेवरून मेलेलीवरचा एकेक आकडा परत काढता येतो. ही तर आडवी बेरीज, त्यानं ओळखलं. रकाने उभे जुळवायचे आणि आडवेही जुळवायचे. एक आकडा कुणी खाडाखोड करून घालवला, तर बाकीचे आकडे त्याची चुगली करतात. या बेरजेच्या डिस्कवर स्वतःचं असं काहीच नसतं, ना एक फोटो, ना एक गाणं. दुसऱ्यांच्या आकड्यांवर जगते, आणि घरात कुणी मेल्याशिवाय तिचा उपयोग नाही. 'म्हणजे तुम्हीच,' बायको म्हणाली होती. तो हसला होता. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

ही बेरजेची डिस्क सगळ्यांत मोठी लागते. घरात मोठी अशी एकच होती, जुनी, जिच्यावर आधी सगळं ठेवलेलं असायचं. त्यातलं सगळं नव्या डिस्कांवर उतरवून झालं होतं, नीट लावूनसुद्धा. 'तिच्यावरचं काही हवंय का? कारण आता ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत नव्यानं लिहिली जाणार,' असं जावयानं फोनवर दोनदा विचारलं होतं, आणि त्यानं दोन्ही वेळा कचरा आहे म्हणून सांगितलं होतं.

ते लिहिणं रखडलं होतं, आणि आता चार दिवस तो त्या हळूपणाचं मूळ शोधत होता. जावयाचं म्हणणं, पॅरिटी बांधताना सगळ्या डिस्का एकदम, एका चालीनं वाचल्या जातात. त्यामुळे सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं सगळे चालतात, कुटुंब फिरायला निघाल्यासारखे. एखादी डिस्क आजारी असेल. त्यानं एकेकीची तपासणी लावली. सगळ्या ठणठणीत निघाल्या. मग केबल. मग खोका तापत असेल म्हणून कपाट भिंतीपासून पुढे ओढलं, तेव्हा मागे लेकीचा एक लहानपणचा बूट सापडला, एकच. तो धुऊन त्यानं खिडकीत वाळत ठेवला आणि दिवसभर येता-जाता त्याच्याकडे पाहिलं. मग रोज आपोआप प्रती काढणारं काम बंद करून पाहिलं. 'कुणी त्याच वेळी डिस्का वापरत नाहीये ना?' जावयानं विचारलं. कोण वापरणार, घरात आम्ही दोघं. 'आई?' त्याला हसू आलं. तुझी सासू त्या खोक्याला हात लावताना आधी पदराला पुसते, तो म्हणाला. ते खरं नव्हतं. पण हशा मिळतो म्हणून पुष्कळ वेळा सांगून झालं होतं, आणि पुष्कळ वेळा सांगितलेलं खरं होत जातं.

परवा मात्र चमत्कार झाला. बायको भाजी आणायला गेली होती आणि त्यानं तिसरी केबल बदलली होती. वेगाचा आकडा एकदम चढला, उरलेल्या नऊ दिवसांचा एक झाला. त्यानं जावयाला फोन करून केबलीचं कौतुक केलं, आधीच्या केबलींना शिव्या घातल्या, स्वतःसाठी चहा टाकला. बायकोला यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा पिशवीत फक्त कोथिंबिरीची एक जुडी होती. 'एवढा वेळ एका जुडीला?' त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, 'तिथं ती भेटली ना, ती आपली... उंटीण.' उंटीण कोण, त्यानं विचारलं नाही. उंच, मान पुढे काढणारी कुणीतरी असणार. नव्या नावांचा हंगाम आला होता तिचा. इस्त्रीला गेल्या महिन्यात तिनं 'खांब' म्हटलं होतं, मग 'दिवा', मग 'तो वरचा'. त्याला वाटलं होतं, निवृत्त झाल्यावर बाईच्या जिभेला धार आलीय. वर्ग सुटला, आता सगळं गावच वर्ग. त्यानं ते लेकीलाही सांगितलं होतं: तुझ्या आईला आजकाल एक नाव पुरत नाही. थोड्या वेळानं वेग पुन्हा खाली आला आणि तो नव्या केबलीलाही शिव्या घालू लागला.

आज दुपारी शेवटी त्यानं स्क्रीनचा नाद सोडला आणि खोक्याला कान लावला. कचेरीत असताना कागदाच्या सळसळीवरून त्याला कारकुनाची नियत कळायची, निदान तो तसं म्हणायचा. आवाज दोन होते. एक लांबलचक, एकसुरी, कुणी दळण दळत असल्यासारखा. आणि मधूनच त्यात दुसरा, कुरतडल्यासारखा, थांबून थांबून, इकडे तिकडे धावणारा. तो तसाच वाकून ऐकत राहिला. आतल्या खोलीत खुर्ची सरकली. चपला फरफटत स्वयंपाकघरात गेल्या. कुरतडणं थांबलं. दळण नीट सुरू झालं, स्क्रीनवर वेगाचा आकडा भरभर चढला. नळ सुटला, बंद झाला. चपला परत. खुर्ची सरकली. कुरतडणं.

त्याचा पहिला विचार असा होता: पकडली. खरोखर असाच शब्द मनात आला, आणि त्याबरोबर एक जुना आनंद, चुकीचा आकडा सापडल्याचा. चार दिवस केबली बदलतोय, आणि बाईसाहेब आत बसून आत्याबाईंच्या पेटीत हात घालून बसल्यात. तो चपला काढून दबक्या पावलानं आत निघाला. मागून जाऊन काय म्हणायचं तेही त्यानं ठरवलं होतं. दार अर्धं उघडं होतं. ती पाठमोरी बसली होती, आणि संगणकाच्या पडद्यावर तिच्या शाळेतला एक वर्ग होता, रांगा करून उभा, पुढची रांग मांडी घालून. तिचं बोट पडद्याच्या काचेवर होतं. बोट एका पोरावर ठेवायची, ओठ हलायचे, बोट पुढच्यावर. ओळखीची चाल होती ती. हजेरी. ती शाळेत असताना वही न उघडता हजेरी घ्यायची, त्याबद्दल तिची ख्याती होती. बोट तिसऱ्यावर थांबलं. ओठ थांबले. बोट परत पहिल्यावर गेलं, पुन्हा निघालं, तिसऱ्यावर पुन्हा थांबलं. मग दुसऱ्या टोकाकडून. शिडीवरून वर जमत नाही म्हणून मागच्या बाजूनं चढून पाहावं तसं. तिथंही दोन पोरं झाली आणि बोट थांबलं. ती चिडली नाही, तिनं सुस्काराही टाकला नाही. फोटो बदलला. लेकीच्या लग्नातला होता. बोट पुढच्या रांगेतल्या एका बाईवर टेकलं, आणि पाठमोरीच ती म्हणाली:

"अहो, ही कोण हो?"

तो मागे आहे हे तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. त्यानं पाहिलं. ती तिची धाकटी बहीण होती. दर आठवड्याला फोन करणारी, फोनवर आधी रडून मग बोलणारी, जिचं नाव तिनंच 'नळ' ठेवलेलं. त्याला वाटलं, आता काहीतरी येईल. कोटी येईल, नवीन नाव येईल. तो चेहऱ्यावर हसू तयार ठेवून उभा राहिला. काही आलं नाही. बोट काचेवर तसंच, आणि बोटाखाली काचेवर वाफेचं एक छोटं वर्तुळ धरत चाललेलं. हसू कुठे ठेवायचं ते त्याला कळेना. ते तोंडावर तसंच राहिलं, आणि आतमध्ये सकाळची ती पायरी, नसलेली, पुन्हा पायाखालून गेली, आणि हा जिना संपेचना.

तुझी बहीण, तो म्हणाला. 'हं,' ती म्हणाली, 'तेच म्हणते मी,' आणि पुढच्या माणसावर बोट ठेवलं. म्हणजे उंटीण ही उंटीण नव्हती. खांब, दिवा, तो वरचा. एकाच माणसाला महिन्यात तीन नावं, आणि तो लेकीला हसून सांगत होता. नाव ठेवून ती चेष्टा करत नव्हती. नाव सापडत नव्हतं म्हणून जागा रिकामी दिसू नये इतकीच ती तजवीज होती. मोडक्या खुर्चीवर ऐटबाज कापड टाकावं तशी. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतली टाकलेली कापडं उचलून पाहणारा माणूस त्याच खुर्चीशेजारी बसून रोज चहा पीत होता. कधीपासून, असं काहीतरी तो बोलला असावा, कारण ती उत्तर देत होती, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, वाण्याला सामान सांगतानाचा. बरेच दिवस. परवा भाजीला म्हणून गेले ना, तेव्हा डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं, आधी नावं गेली, वस्तू नंतर. तुम्हाला सांगणारच होते, पण तुमचं ते केबलींचं चाललं होतं.

केबलींचं चाललं होतं. वेग चढला होता तेव्हा ही डॉक्टरसमोर बसलेली होती, आणि तो केबलीचं कौतुक करत होता.

"म्हणून तर लिहून ठेवलं होतं सगळं," ती म्हणाली. "आई गेली त्या वर्षापासून. फोटोगणिक. ह्यात आता नुसते आकडेच दिसतात. माझी नावं कुठं गेली?"

हे ऐकलं तेव्हा त्याला आधी काहीच झालं नाही. मार बसल्यावर मार बसल्याचं कळायला जो एक क्षण लागतो, तो त्या क्षणात उभा होता. त्याला ती नावं आठवत होती. लांबच्या लांब, वेडीवाकडी. फायलीचं नाव म्हणून तिनं चक्क वाक्यं लिहिलेली असायची: 'मधली पेन्सिल खाणारी, तिच्या उजवीकडे कायम उशिरा येणारा, खरं नाव अमुक, बाप बेकरीवाला'. 'नळ नव्या साडीत, अजून रडली नाही'. त्याला त्याचा किती राग यायचा. ह्याला काय फायलीचं नाव म्हणतात? शोधायचं कसं, लावायचं कसं? त्यानं तिला नावं ठेवली होती, जावयासमोर, लेकीसमोर. आणि नव्या डिस्कांवर उतरवताना जावयाकडून एक छोटा प्रोग्राम लिहून घेऊन सगळ्या फोटोंना एकसारखी नावं दिली होती: वर्ष, महिना, दिवस, क्रमांक. एका दुपारीत झालं. उभे रकाने, आडवे रकाने, कुठं खाडाखोड नाही. त्या दुपारी त्यानं तिला बोलावून दाखवलंही होतं. ती बराच वेळ पाहत राहिली होती आणि म्हणाली होती, 'छान. आता सगळे सारखे दिसतात.' त्यानं ते कौतुक समजून जमेला धरलं होतं.

मग तो क्षण संपला. जुनी नावं एकाच ठिकाणी होती: जुन्या डिस्कवर. कचरा. ती डिस्क आता, या घटकेला, बाहेर चपलांच्या कपाटावर, सुरुवातीपासून शेवटाकडे, सम-विषम, सम-विषम, पुसली जात होती, आणि ती लवकर पुसली जात नाही म्हणून तो चार दिवस तक्रार करत होता.

तो पळाला. म्हणजे त्या एवढ्याशा घरात जितकं पळता येतं तितकं. गुडघा दाराच्या कडेवर आपटला. स्क्रीनवर त्यानं रद्द दाबलं; तुमची खात्री आहे का, असं यंत्रानं विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या प्रश्नाचा राग आला नाही, त्यानं मान हलवून हो म्हटलं आणि मग भानावर येऊन बटण दाबलं. दळण थांबलं. कुरतडणंही थांबलं. जावयाला त्यानं काय सांगितलं ते त्याला नीट आठवलं नाही. तुझ्या सासूची नावं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत असावा, कारण पलीकडून जावई सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला. किती झालं होतं? तिसरा हिस्सा. वेग बरोबर असता तर दुसऱ्याच दिवशी सगळी गेली असती, जावई म्हणाला. आणि मग वेग कुणामुळे बरोबर नव्हता ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ती आत बसून पोरांची हजेरी घेत होती, म्हणून ते हळू चाललं होतं. पुढचा भाग गेला, जावई म्हणाला. मागच्यातून खरवडून बघू. पण जे निघेल ते मोडकं निघेल. नावं एकीकडे, फोटो दुसरीकडे. काही आकारावरून जुळतील. बाकीच्यांना माहितगार माणूस लागेल, बाबा, शेजारी बसून ओळखणारा. खोका बंद करून ठेवा, पुन्हा चालू करू नका, मी येतो. लवकरच, असं तो म्हणाला नाही. उद्या म्हणाला.

खोका बंद केल्यावर इतकं शांत घर त्याला परकं वाटलं. खिडकीत तो एकटा बूट वाळून कडक झाला होता. माहितगार माणूस. त्यानं आठवून पाहिलं: मधल्या रांगेतली पेन्सिल खाणारी पोरगी, तिच्या उजवीकडचा. बेकरीवाला बाप. नाव? ती रोज रात्री जेवताना वर्गातलं सांगायची, वर्षानुवर्षं, आणि तो 'हं' म्हणायचा. तो म्हणे बेरजेची डिस्क. तिच्यावर आडवं कुणी काही लिहिलंच नव्हतं.

"आत्याबाई गप्प झाल्या का?" आतून आवाज आला.

झाल्या, तो म्हणाला, आणि आत जाऊन तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसला. तिनं ज्या फोल्डरमध्ये हात घातला होता त्यातले काही फोटो खोका बंद असूनही अजून पडद्यावर होते, तिच्या संगणकानं आधीच वाचून ठेवलेले. एक फार जुना फोटो तिनं मोठा केला. कुठल्यातरी सहलीचा, दगडी पायऱ्यांवर बसलेली माणसं, आणि कडेला सगळ्यांच्या पिशव्या गळ्यात-खांद्यात अडकवून उभा असलेला एक काडीसारखा तरुण, हातानं उन्हाला आडोसा केलेला. त्यानं कळफलक आपल्याकडे ओढला. सांग, मी लिहितो. एकेकाचं. ती सांगायला लागली. काही येत होती, काही येत नव्हती. न येणाऱ्या जागी ती पूर्वीसारखंच काहीबाही नाव ठेवायची, आणि आता तो तेही मुकाट्यानं लिहायचा. एकाचं नाव त्याला आलं, तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही मागच्या बाकावरच्या पोरानं हात वर केलाय. बोट सरकत सरकत कडेच्या काडीपाशी आलं.

"ह्याच्याखाली काय लिहू?" त्यानं विचारलं. सहज विचारावं तसं विचारायचं होतं. आवाज सहज निघाला नाही.

ती फोटोकडे पाहत राहिली. मग त्याच्याकडे. इतकी वर्षं, हाक मारताना, भांडताना, आजारपणात, पाहुण्यांसमोर, अंधारात, तिनं त्याचं नाव कधी एकदाही उच्चारलेलं नव्हतं. उच्चारायची वेळच आली नव्हती. 'अहो' पुरत होतं. 'अहो' रिक्षावाल्यालाही पुरतं, वाण्यालाही. नावं कुठवर गेली आणि कुठवर राहिली, हे इतर सगळ्यांच्या बाबतीत तपासता आलं असतं, फक्त ह्या एका नोंदीला ताडून पाहायला दुसरा कागदच नव्हता. जुन्या डिस्कवर त्याच्या फोटोंखाली तिनं काय लिहिलं होतं, ते त्यानं कधी वाचलंही नव्हतं.

"नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं," ती म्हणाली. "नवऱ्याला नावं ठेवायची असतात."

तिचे डोळे हसत होते. तो त्या डोळ्यांत पाहत राहिला. ते नेहमीसारखेच हसत होते, अगदी तसेच, आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं.

"लिहा, अहो," ती म्हणाली.

त्याची बोटं कळफलकावर थांबली. मग त्यानं तिनं सांगितलं तसं लिहिलं: अहो.